अणूच्या जाडीचे पापुद्रे

शिसपेन्सिलीच्या नावात शिसे असले तरी पेन्सिलीत ते नसते. लाकडी आवरणात असते ते चिकणमाती मिसळलेले ग्राफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप. ग्राफाइट प्रथम वापरात आले तेव्हा तो शिशाचा प्रकार असावा असा लोकांचा समज झाला आणि ते नाव चिकटले ते कायमचेच. कागदावर रेघ ओढताना या ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे सुटतात व कागदाला चिकटतात. रेघ उमटते ती त्यामुळे. हे पापुद्रे किती पातळ होऊ शकतात? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर 'एका अणूइतके' असे आहे. २००४ मध्ये असा पापुद्रा प्रत्यक्ष हाती आला आणि पदार्थविज्ञानात एक नवे दालन उघडले.

त्यानंतर या पापुद्र्यांच्या गुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पोलादाहून कितीतरी बळकट, विजेचे उत्तम वाहक, काचेसारखे पारदर्शक अशी विशेषणे वाचकांच्या परिचयाची झाली. या गुणवर्णनात एक प्रश्न मात्र मागे पडला. हे पापुद्रे तयार कसे करायचे? प्रयोगशाळेत एक उत्तम नमुना मिळवणे वेगळे आणि ताटाएवढ्या चकतीवर कोट्यवधी ठिकाणी तेच गुण जसेच्या तसे उतरवणे वेगळे. अणूइतक्या पातळ पदार्थांवर उद्याची इलेक्ट्रॉनिक उपकरणे उभी राहणार की नाही, याचा निर्णय या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे.

थरांची घडण

अभ्रकाचा तुकडा नखाने सोलला की त्याचे पारदर्शक पापुद्रे एकामागून एक निघतात, हा अनुभव अनेकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत घेतला असेल. निसर्गात असे थरयुक्त पदार्थ बरेच आहेत. त्यांच्या प्रत्येक थरातील अणू एकमेकांशी घट्ट रासायनिक बंधांनी जोडलेले असतात; पण एक थर आणि त्याच्या वरचा थर यांना धरून ठेवणारे बल अतिशय दुबळे असते. या बलाला डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांचे नाव दिले गेले आहे. थर सहज सुटतात ते या दुबळेपणामुळे आणि सुटलेला थर फाटत नाही तो आतील बंधांच्या घट्टपणामुळे.

ग्राफाइटच्या एका थरात कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षटकोनी जाळीत बसलेले असतात. शेजारच्या दोन अणूंमधील अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन थरांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. या हिशेबाने १ मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये सुमारे ३० लाख थर एकावर एक रचलेले असतात. त्यांपैकी एकच थर वेगळा केला तर त्याला 'ग्राफीन' म्हणतात. त्याला लांबी आणि रुंदी असते, जाडी मात्र अणूपुरतीच. म्हणून अशा पदार्थांना द्विमितीय पदार्थ असे नाव पडले आहे.

सिलिकॉनपुढची अडचण

इतके पातळ पदार्थ हवेत कशाला, हे समजण्यासाठी ट्रान्झिस्टरचे काम पाहावे लागेल. ट्रान्झिस्टर हा विजेचा नळ आहे. नळातून पाणी वाहावे तसा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विजेचा प्रवाह वाहतो आणि मधले नियंत्रक टोक तो सुरू किंवा बंद करते. या 'चालू' आणि 'बंद' स्थितींतूनच संगणकाची सारी आकडेमोड होते. मोबाइलमधील आधुनिक चिपवर असे एक हजार कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर असतात.

ट्रान्झिस्टर लहान करत गेले की प्रवाहाची वाट आखूड होते आणि नियंत्रकाची पकड सुटू लागते. नळ बंद केला तरी पाणी ठिबकत राहावे, तशी वीज झिरपत राहते. असे ठिबकणे एका नळात नगण्य असले तरी हजार कोटी नळांत ते वीज खाते आणि उष्णता निर्माण करते. पकड टिकवायची तर वाट पातळ केली पाहिजे. सिलिकॉन मात्र एका मर्यादेपलीकडे पातळ करता येत नाही. त्याचे स्फटिक तिन्ही दिशांनी बांधलेले असते. ते कोठेही कापले तरी पृष्ठभागावर जोडीदार न मिळालेले बंध उघडे पडतात. जाडी तीन-चार नॅनोमीटरच्या खाली गेली की पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर आपटून इलेक्ट्रॉनांची गती झपाट्याने घटते.

थरयुक्त पदार्थांना ही अडचण मुळातच नसते. त्यांचा थर निसर्गतःच पूर्ण असतो. वर आणि खाली एकही बंध अर्धवट राहिलेला नसतो, त्यामुळे जाडी अणूइतकी झाली तरी पृष्ठभाग सपाटच राहतो. सिलिकॉनच्या पुढचा विचार करणाऱ्यांचे लक्ष या पदार्थांकडे लागले आहे ते मुख्यत्वे या कारणासाठी.

चिकटपट्टीची करामत

ग्राफाइटच्या एका थराचा विचार नवा नव्हता. कॅनडात काम करणाऱ्या पी. आर. वॉलेस यांनी १९४७ मध्येच अशा थरातील इलेक्ट्रॉनांचे गणित मांडले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स-पीटर बोम यांनी १९६२ मध्ये ग्राफाइटच्या ऑक्साइडपासून अत्यंत पातळ पापुद्रे मिळवले आणि १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह 'ग्राफीन' हे नाव सुचवले. तथापि, असा एकेरी थर सुटा टिकेल यावर फारसा विश्वास नव्हता. लेव्ह लँडाऊ आणि रुडॉल्फ पायर्ल्स या थोर भौतिकशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात असे प्रतिपादन केले होते, की निखळ द्विमितीय स्फटिकातील अणू उष्णतेच्या हालचालींमुळे आपली रचना टिकवू शकणार नाहीत.

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. ग्राफाइटचा पृष्ठभाग स्वच्छ करण्यासाठी प्रयोगशाळांत चिकटपट्टी वापरण्याची पद्धत जुनीच होती. पट्टी लावायची, ओढून काढायची आणि तिला चिकटलेल्या पापुद्र्यांसह कचऱ्यात टाकायची. या दोघांनी टाकून दिलेली पट्टीच तपासायला घेतली. ग्राफाइट पट्टीवर घेऊन ती पुनःपुन्हा दुमडली आणि उघडली, की प्रत्येक वेळी पापुद्रे दुभंगून पातळ होत जातात. शेवटी ती पट्टी सिलिकॉनच्या चकतीवर दाबली, की काही पापुद्रे चकतीवर उतरतात. त्यांतच कोठेतरी एकेरी थर असतो. ऑक्टोबर २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि २०१० मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग लँडाऊ आणि पायर्ल्स यांचे गणित चुकले होते काय? तसे नाही. चकतीवर पसरलेल्या ग्राफीनला खालचा आधार असतो. आधाराशिवाय ताणलेला थरही पूर्ण सपाट नसतो. त्यावर बारीक लाटा असतात, असे २००७ मधील निरीक्षणांत दिसून आले.

एक थर ओळखायचा कसा?

सोलणे सोपे होते. शोधणे कठीण होते. चकतीवर हजारो जाड तुकडे विखुरलेले असतात आणि एकेरी थर त्यांत लपलेला असतो. येथे योगायोग मदतीला आला. सिलिकॉनवर ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा लेप असेल, तर प्रकाशकिरणांच्या व्यतिकरणामुळे एका अणूच्या जाडीचा थरही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फिकट छटेच्या रूपाने दिसतो. लेपाची जाडी ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटर असेल तर तो जवळपास अदृश्य होतो. एकेरी ग्राफीन आपल्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी अवघा २.३ टक्के प्रकाश शोषते, हे लक्षात घेतले म्हणजे या योगायोगाचे मोल कळते.

छटेवरून आलेला अंदाज पक्का करण्याचे साधन मात्र भारतीय शोधावर आधारलेले आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेला परिणाम येथे उपयोगी पडतो. पदार्थावर एकाच रंगाचा लेसर किरण टाकला तर विखुरलेल्या प्रकाशाचा काही अंश किंचित बदललेल्या रंगाचा असतो आणि हा बदल पदार्थातील अणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. ग्राफीनच्या एका, दोन आणि अनेक थरांचे रामन वर्णपट वेगवेगळे असतात, हे २००६ मध्ये दाखवण्यात आले. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत थर मोजण्याची आणि त्यांतील दोष पकडण्याची ही नित्याची चाचणी झाली आहे.

ग्राफीनची उणीव आणि त्याचे भाईबंद

ग्राफीनमधून इलेक्ट्रॉन विलक्षण वेगाने धावतात. हाच त्याचा गुण आणि ट्रान्झिस्टरच्या दृष्टीने हीच त्याची उणीव. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांना ओलांडावा लागणारा एक निषिद्ध ऊर्जापट्टा असतो; तो असतो म्हणून प्रवाह थांबवता येतो. ग्राफीनमध्ये हा पट्टा नाही. त्यामुळे हा नळ पूर्ण बंद होत नाही. अनेकांनी 'सिलिकॉनचा वारसदार' म्हणून ज्याच्याकडे पाहिले, तो पदार्थ संगणकाच्या मूळ कामासाठीच अपुरा ठरला.

मार्ग निघाला तो इतर थरयुक्त पदार्थांतून. मँचेस्टरच्याच गटाने २००५ मध्ये त्याच सोलण्याच्या रीतीने आणखी काही द्विमितीय स्फटिक मिळवल्याचे जाहीर केले होते. त्यांपैकी दोन पुढे विशेष महत्त्वाचे ठरले. पहिला मोलिब्डेनम डायसल्फाइड. वाहनांच्या ग्रीसमध्ये वंगण म्हणून मिसळली जाणारी ही काळपट भुकटी. तिच्या थरात मोलिब्डेनमच्या अणूंची एक ओळ गंधकाच्या दोन ओळींमध्ये बसलेली असते. तिचा एकेरी थर सुमारे ०.६५ नॅनोमीटर जाड आणि चांगला अर्धवाहक असतो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आंद्रास किश यांच्या गटाने २०११ मध्ये त्याचा ट्रान्झिस्टर बनवला. त्याच्या 'चालू' आणि 'बंद' स्थितींतील प्रवाहाचे गुणोत्तर दहा कोटींच्या घरात होते. म्हणजे हा नळ खरोखरच बंद होत होता.

दुसरा पदार्थ षटकोनी बोरॉन नायट्राइड. त्याची जाळी ग्राफीनसारखीच, पण तो विजेचा दुर्वाहक. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की सिलिकॉनच्या ऑक्साइडऐवजी बोरॉन नायट्राइडवर ठेवलेले ग्राफीन कितीतरी अधिक निर्दोष वागते. त्यानंतर या स्फटिकाला जगभर मागणी आली आणि ती बव्हंशी पुरवली ती जपानमधील त्सुकुबा येथील राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेच्या ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे या दोन संशोधकांनी. प्रचंड दाब आणि सुमारे १५०० अंश सेल्सियस तापमानात वाढवलेले त्यांचे स्फटिक देशोदेशीच्या प्रयोगशाळांत पोचले. द्विमितीय पदार्थांवरील असंख्य निबंधांत या दोघांची नावे सहलेखक म्हणून आढळतात, ती यामुळेच.

निर्मितीच्या चार वाटा

द्विमितीय थर तयार करण्याच्या पद्धती मुख्यत्वे चार आहेत आणि प्रत्येकीत काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडावे लागते.

पहिली चिकटपट्टीने सोलण्याची. यातून मिळणारे थर गुणवत्तेत अव्वल असतात. पण तुकडा बहुधा केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा, आणि तो कोठे व कोणत्या आकाराचा मिळेल हे दैवावर सोपवलेले. संशोधनाला ही पद्धत पुरते, कारखान्याला पुरत नाही.

दुसरी द्रवात विलग करण्याची. योग्य द्रावक निवडून त्यात ग्राफाइटची भुकटी घातली आणि ध्वनिलहरींनी किंवा वेगाने घुसळून ढवळली, की थर सुटे होतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील जोनाथन कोलमन यांच्या गटाने २००८ मध्ये ही रीत मांडली आणि २०१४ मध्ये स्वयंपाकघरातील मिक्सर व भांडी घासण्याचा द्रवसाबण वापरूनही ग्राफीनचे पापुद्रे मिळतात हे दाखवले. अशा पापुद्र्यांची शाई करता येते, रंगात व प्लास्टिकमध्ये मिसळता येते. मात्र हे पापुद्रे लहान, निरनिराळ्या जाडीचे असतात. चिपसाठी ते कामाचे नाहीत.

तिसरी सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक तापवण्याची. अतिउच्च तापमानाला पृष्ठभागावरील सिलिकॉन उडून जातो आणि मागे राहिलेला कार्बन ग्राफीनच्या रूपात मांडला जातो. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेचे वॉल्ट डी हीर हे या पद्धतीचे पुरस्कर्ते. त्यांच्या गटाने चीनमधील त्यांजिन विद्यापीठातील सहकाऱ्यांसह जानेवारी २०२४ मध्ये सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या अशा थरात ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा निषिद्ध ऊर्जापट्टा मिळवल्याचे प्रसिद्ध केले. हे स्फटिक महाग असतात, ही या वाटेवरची मोठी अडचण.

चौथी आणि आज सर्वाधिक आशा असलेली पद्धत वायूपासून थर वाढवण्याची. टेक्सास विद्यापीठात रॉडनी रुऑफ यांच्या गटाने २००९ मध्ये तांब्याचा पातळ पत्रा भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सियसला तापवून त्यावरून मिथेन वायू सोडला. मिथेनचे विघटन होऊन कार्बनचे अणू तांब्यावर बसतात आणि षटकोनी जाळी विणतात. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे पृष्ठभाग एका थराने झाकला गेला, की मिथेनचे विघटन घडवणारे तांबेच उघडे राहत नाही आणि वाढ आपोआप थांबते. लगेच पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, दक्षिण कोरियातील संशोधकांनी रुळांवरून सरकणाऱ्या पत्र्याच्या साहाय्याने ३० इंची ग्राफीन तयार करून दाखवले.

मोलिब्डेनम डायसल्फाइडही असाच वाढवता येतो. मोलिब्डेनमचे ऑक्साइड आणि गंधक यांच्या वाफा भट्टीत एकत्र आल्या, की चकतीवर थराचे नेटके त्रिकोण उगवतात. ते वाढत जाऊन एकमेकांना भिडतात. पण सांध्यावर अणूंच्या रांगा जुळल्या नाहीत तर तेथे शिवण पडते आणि इलेक्ट्रॉन अडखळतात. कॉर्नेल विद्यापीठाने २०१५ मध्ये सेंद्रिय धातुसंयुगांच्या वाफा वापरून ४ इंची चकतीभर एकसंध थर वाढवला. त्याला ५५० अंश सेल्सियस तापमान आणि २६ तास लागले.

या पद्धतीतही सातत्य हीच मुख्य समस्या राहिली. तोच पत्रा, तोच वायू, तेच तापमान असूनही एका प्रयोगशाळेतील ग्राफीन दुसरीतल्यासारखे येत नसे, कधी कालच्यासारखे आज येत नसे. कोलंबिया विद्यापीठ आणि कॅनडातील सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये याचे एक कारण दाखवून दिले. वायूत नकळत राहून जाणारा प्राणवायूचा अत्यल्प अंश वाढीचा वेग आणि थराचा दर्जा बिघडवतो; तो काढून टाकला की तेच ग्राफीन पुनःपुन्हा मिळते आणि ते गुणांत सोललेल्या थराच्या जवळपास जाते. पंधरा वर्षांचे कोडे असे भट्टीच्या स्वच्छतेत दडलेले होते.

उचलणे आणि ठेवणे

थर तांब्यावर वाढला तरी ट्रान्झिस्टर तांब्यावर बनवता येत नाही. त्याला उचलून सिलिकॉनच्या चकतीवर न्यावे लागते. प्रचलित रीतीत ग्राफीनवर पारदर्शक प्लास्टिकचा लेप देतात, खालचे तांबे रसायनात विरघळवतात आणि पाण्यावर तरंगणारा तो पडदा चकतीवर अलगद झेलतात. नंतर प्लास्टिक धुऊन काढतात. या खटाटोपात थराला सुरकुत्या पडतात, भेगा जातात, खाली पाण्याचे थेंब अडकतात आणि प्लास्टिकचा अंश मागे राहतो. अणूच्या जाडीच्या थराला हा मळ फार मोठा असतो.

उपाय म्हणजे थर सरळ चिपवरच वाढवणे. पण तयार सिलिकॉन चिपमधील धातूच्या तारा सुमारे ४०० अंशांपलीकडचे तापमान सोसत नाहीत. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने म्हणजे 'एमआयटी'ने २०२३ मध्ये यावर एक तोड काढली. भट्टीचे दोन भाग करून गंधकाचे संयुग एका भागात अधिक तापमानाला विघटित केले आणि चिप मात्र ३०० अंशांखाली ठेवली. ८ इंची चकतीवर तासाभराच्या आत मोलिब्डेनम डायसल्फाइडचा समान थर तयार झाला.

उचलून ठेवण्याच्या कलेला दुसरी बाजूही आहे. थरांमधील बल दुबळे असल्याने भिन्न जातींचे थर एकमेकांवर रचता येतात. अणूंच्या जाळ्या जुळण्याची अट राहत नाही. निसर्गात नसलेले पदार्थ अशा रीतीने घडवता येतात. 'एमआयटी'त पाब्लो हरियो-हेरेरो यांच्या गटाने २०१८ मध्ये ग्राफीनचे दोन थर परस्परांशी सुमारे १.१ अंशाचा कोन करून ठेवले, तेव्हा अतिशीत तापमानाला ते अतिसंवाहक झाले. कार्बन तोच आणि थरही तेच असताना केवळ कोनाने हा बदल घडवला. यातून भौतिकशास्त्राची एक नवी शाखाच उदयाला आली. मात्र अंशाच्या दहाव्या भागाइतकी चूकही हा परिणाम घालवू शकते, यावरून हे काम किती नाजूक आहे याची कल्पना यावी.

प्रयोगशाळेतून कारखान्याकडे

थर मिळाला म्हणजे ट्रान्झिस्टर झाला असे नाही. त्याला धातूच्या तारा जोडाव्या लागतात आणि धातू टेकताच अर्धवाहक थराच्या तोंडाशी प्रवाहाला अडथळा उभा राहतो. २०२१ मध्ये 'एमआयटी', तैवानचे राष्ट्रीय विद्यापीठ आणि तैवानमधील चिपनिर्माती कंपनी 'टीएसएमसी' यांच्या संशोधकांनी बिस्मथ हा धातू वापरला तर हा अडथळा मोठ्या प्रमाणात कमी होतो हे दाखवले. सिलिकॉनमध्ये परके अणू घुसवून त्याचे गुण पालटतात. अणूच्या जाडीच्या थरात तसे करणे म्हणजे थरच भोसकणे होय. त्यामुळे त्यासाठीही वेगळे मार्ग शोधावे लागत आहेत.

तरीही प्रगती झाली आहे आणि ती आकड्यांतच मोजता येते. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाने २०१७ मध्ये मोलिब्डेनम डायसल्फाइडचा सूक्ष्मप्रक्रियक तयार केला, त्यात ११५ ट्रान्झिस्टर होते आणि तो एका वेळी एकाच अंकावर काम करी. एप्रिल २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाने सुमारे ५,९०० ट्रान्झिस्टरांचा ३२ बिटांचा प्रक्रियक जाहीर केला. जून २०२५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात सप्तर्षी दास यांच्या गटाने मोलिब्डेनम डायसल्फाइड आणि टंगस्टन डायसेलेनाइड या परस्परपूरक अर्धवाहकांचे दोन हजारांहून अधिक ट्रान्झिस्टर जोडून सिलिकॉनविरहित संगणक चालवून दाखवला. त्याचा वेग २५ किलोहर्ट्झपर्यंत होता. आजच्या मोबाइलमधील प्रक्रियक याच्या लाखपट वेगाने चालतो. म्हणजे आठ वर्षांत ११५ वरून काही हजारांवर मजल गेली. हजार कोटींचा टप्पा अद्याप फार दूर आहे.

नावापुरते ग्राफीन

निर्मितीचा हा प्रश्न केवळ चिपपुरता नाही. ग्राफीनचे नाव गाजल्यावर बाजारात ग्राफीनची भुकटी विकणाऱ्या कंपन्या देशोदेशी निघाल्या. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने ६० उत्पादकांचे नमुने तपासण्यात आले आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दहापेक्षा कमी थरांच्या पापुद्र्यांना ग्राफीन मानण्याचा उदार निकष लावूनही बहुसंख्य नमुन्यांत त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी निघाले. एकाही नमुन्यात ते निम्म्यापर्यंत पोचले नाही. उरलेले बहुतांशी बारीक कुटलेले ग्राफाइटच होते.

याचा फटका दुहेरी आहे. ग्राहक ज्या गुणासाठी पैसे मोजतो तो त्याला मिळत नाही. शिवाय अशी भुकटी वापरून फसलेल्या प्रयोगाचा दोष ग्राफीनच्या माथी येतो. टेनिस रॅकेटपासून रंगापर्यंत कोणत्याही वस्तूवर 'ग्राफीनयुक्त' असा शब्द दिसला, तर थर किती, प्रमाण किती आणि तपासणी कोणत्या पद्धतीने झाली हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

भारतातील प्रयत्न

या क्षेत्रात भारतीय संशोधकांनी आरंभापासून लक्ष घातले. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. सी. एन. आर. राव यांनी ग्राफीनच्या आणि मोलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या थरांच्या रासायनिक निर्मितीवर विस्तृत काम केले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने ग्राफीनच्या कंप पावणाऱ्या पडद्यांपासून कोनात फिरवलेल्या थरांपर्यंत अनेक अंगांचा अभ्यास केला आहे. देशमुख यांना २०१५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी येथेही अशा थरांच्या उपकरणांवर संशोधन चालते. केरळमध्ये 'डिजिटल विद्यापीठ', 'सी-मेट' आणि टाटा स्टील यांच्या सहभागाने ग्राफीनसाठी स्वतंत्र नवोन्मेष केंद्र उभारण्यात आले. 'सी-मेट'ची एक प्रयोगशाळा पुण्यातही आहे.

सिलिकॉन चिपच्या उद्योगात आपण उशिरा उतरलो. त्याची किंमत देश आजही आयातीच्या रूपाने मोजत आहे. द्विमितीय पदार्थांत जगाचीही वाट अजून पूर्ण आखलेली नाही. मात्र या वाटेवर चांगला निबंध लिहिणारी प्रयोगशाळा पुरेशी नाही. शुद्ध वायू, खात्रीच्या भट्ट्या, मोठ्या चकत्यांवर काम करण्याच्या सोयी आणि तोच प्रयोग शंभर वेळा तसाच करून पाहण्याचा धीर धरणारी माणसे लागतात. असे काम कीर्ती देत नाही, म्हणून ते सहसा कोणी मागत नाही. पण पुढचा सारा उद्योग त्यावरच उभा राहतो.

काच, पोलाद किंवा सिलिकॉन यांपैकी कोणताही पदार्थ शोध लागताच घराघरांत पोचला नाही. पहिला सिलिकॉन ट्रान्झिस्टर १९५४ मध्ये तयार झाला आणि सिलिकॉनच्या एकाच चकतीवर सबंध प्रक्रियक बसवायला १९७१ साल उजाडले. ग्राफीनला २०२४ मध्ये वीस वर्षे पूर्ण झाली. चिकटपट्टीने उचललेला पापुद्रा खरा होता, याबद्दल आता शंका उरलेली नाही. तो मागू तेव्हा, मागू तेवढा आणि मागू तसाच मिळू लागेल, त्या दिवशी तो पदार्थविज्ञानाच्या ग्रंथांतून निघून आपल्या खिशातल्या उपकरणात येईल.